पाचशे नव्वद रुपये

‘टीमचं मोराल डाऊन वाटतंय. काहीतरी कर. पण दहा हजारांत बसव.’

सरांचा हा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसखालच्या टपरीवर चहा घेत होतो. दिवाळी होऊन तीन आठवडे झाले होते. मोराल डाऊन वाटायचं कारण साधं होतं. दोन महिन्यांत आमच्यातले दोघं सोडून गेले होते, एक पुण्याला आणि एक हैदराबादला. उरलो आम्ही नऊ जण. त्यात मी वयानं मोठा, म्हणजे अठ्ठावीसचा, आणि हुद्द्यानं टीम लीड. हुद्दा मिळाला तेव्हा पगार वाढला नव्हता, व्हिजिटिंग कार्ड मात्र छापून मिळालं होतं.

आमची कंपनी नांदेडची. नाव सांगत नाही, सांगून तुम्हाला कळणारही नाही. आम्ही पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. पतसंस्था म्हटलं की पिग्मी आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : पिग्मी म्हणजे रोजची बचत. एजंट रोज दुकानोदुकानी फिरतो, कुणाकडून पन्नास, कुणाकडून दोनशे घेतो, पावती देतो आणि पैसे पतसंस्थेत भरतो. वर्षाअखेरी पानवाल्याच्या, भाजीवालीच्या हातात एकरकमी पैसे येतात. हल्ली एजंटच्या मोबाइलमध्ये ॲप असतं आणि पिशवीत छोटा ब्लूटूथ प्रिंटर. ते ॲप आमचं.

मी मूळचा लातूरचा. इंजिनियरिंग नांदेडला, विष्णुपुरीत केलं. वर्गातले बहुतेक जण पुण्याला गेले. मी इथंच राहिलो, कारण बाबांची अँजिओप्लास्टी झाली होती आणि पोरगं तीन तासांच्या अंतरावर असलेलं बरं असं आईला वाटत होतं. पुढं मलाही ते बरं वाटायला लागलं.

तर दहा हजार रुपये. लातूरच्या पोराला मोटिव्हेशन म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. आमच्या ट्युशन एरियात ते होर्डिंगवर टांगलेलं असतं : पोरांचे फोटो, फोटोखाली मार्क आणि वर क्लासच्या सरांचा त्याहून मोठा फोटो. मी ऑफिसात तेच केलं. एक बोर्ड आणला, त्यावर ‘स्टार ऑफ द मंथ’ लिहिलं. भिंतीवर इंग्रजी सुविचारांचे स्टिकर लावले. सगळे मिळून १,२५० रुपये. शुक्रवारी पिझ्झा मागवला, त्याचे २,१००.

पहिला स्टार कोण, तर सलग तीन रात्री एक-एक वाजेपर्यंत बसून सर्व्हर चालू करणारा आमचा परभणीचा पोरगा. त्याचा फोटो लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर फोटोखाली कुणीतरी पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’.

सगळे हसले. परभणीकरही हसला. मी पण हसलो, पण मला लागलं. कारण ते खरं होतं. तीन रात्री जागवून घेतल्याबद्दल त्याला आम्ही काय दिलं, तर चौकटीतला फोटो.

सोमवारी सरांनी स्वतः मीटिंग घेतली. सर वाईट माणूस नाहीत, पण त्यांना बोलायला आवडतं. त्या दिवशी ते सेवेवर बोलले. ‘आपण हुजूर साहिबच्या गावात राहतो. लंगरमध्ये लोक पगार घेतात का? तरी किती मनापासून काम करतात! तो भाव आपल्याकडं पाहिजे.’ सगळ्यांनी माना हलवल्या. मीटिंग संपल्यावर जिन्यात आमचा उदगीरचा पोरगा म्हणाला, ‘दादा, लंगरमध्ये भांडी घासताना शेजारी कोण बसलंय हे कळत नाही. फॉर्च्युनरवाला पण घासतो. इथं कोण घासायलंय?’

नांदेडमध्ये राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आम्ही सगळे कधी ना कधी तिथं पंगतीत जेवलोय. तिथला माणूस आपल्या मर्जीनं येतो, मर्जीनं उठतो आणि त्याच्या कष्टावर दुसऱ्या कुणाचा नफा होत नाही. पगारी नोकराला सेवा करायला सांगणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ऐकणाऱ्याला ती लगेच कळते.

मग मी इंजिनियर लोक करतात तेच केलं. रात्री वाचत बसलो. ॲडम ग्रँट नावाच्या संशोधकाचा २००७ सालचा एक प्रयोग सापडला. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात काही पोरं माजी विद्यार्थ्यांना फोन करून देणग्या मागायची. रटाळ काम, बहुतेक जण फोन आपटणार. त्यातल्या काही जणांची, या देणग्यांतून ज्याला शिष्यवृत्ती मिळाली होती अशा एका विद्यार्थ्याशी भेट घालून दिली. काही मिनिटांची भेट. महिन्याभरानंतर बघितलं तर या पोरांचा फोनवरचा वेळ दुपटीहून जास्त झाला होता आणि जमलेली रक्कमही. पगार तोच, साहेब तोच. आपल्या कामानं कुणाचं काय झालं हे फक्त त्यांना डोळ्यांनी दिसलं होतं.

मला वाटलं, आपलं ॲप वापरणारा एकही एजंट आपल्यातल्या कुणी पाहिलेला नाही. पाच वर्षं झाली. आमच्यापर्यंत यायची ती फक्त तक्रार, तीही पतसंस्थेच्या मॅनेजरकडून.

दहा हजारातले ६,६५० उरले होते. एक क्रूझर ठरवली, दिवसाचे ५,५००. डिसेंबरातल्या एका शनिवारी पहाटे नऊ जण लातूरला निघालो. उरलेल्या पैशांत अहमदपूरला चहा-नाष्टा झाला.

*

गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. मध्ये जगदंबेचं देऊळ आणि भोवती सगळी बाजारपेठ. तिथं पिग्मी गोळा करणाऱ्या एका ताईंबरोबर फिरायचं ठरलं होतं. चाळिशीच्या, पायांत कापडी बूट, एका खांद्यावर पर्स आणि दुसऱ्या खांद्यावर पिशवी. नऊ जणांचं टोळकं बघून म्हणाल्या, ‘एवढे सगळे मिळून ते ॲप बनवतेत व्हय?’ हे कौतुक आहे की टोमणा ते आम्हाला कळेना.

पहिल्या दुकानात त्यांनी पैसे घेतले, पिशवीतून वही काढली आणि आकडा लिहिला. मोबाइल काढलाच नाही. तिसऱ्या दुकानापर्यंत मी गप्प राहिलो, मग विचारलं, ‘ताई, ॲपमध्ये नाही भरत?’

‘भरते की. रात्री घरी. इथं उन्हात काय दिसत नाही. अन् पर्समधी फोन ठिवला की ते प्रिंटर तुटतंय.’

‘मग रोज दोनदा लिहिता?’

‘संस्थेनं दिलंय म्हणून वापरायचं.’

कारंज्या कराव्यात तशी मन लावून आम्ही ती स्क्रीन केली होती. फिकट राखाडी अक्षरं, पांढरी पार्श्वभूमी. ऑफिसातल्या मोठ्या मॉनिटरवर देखणी दिसायची. ताईंनी पदराची सावली करून ती आम्हाला दाखवली. रक्कम भरायच्या चौकोनावर बोट ठेवलं की आधी अक्षरांचा कीबोर्ड उघडायचा, मग आकड्यांवर जायचं. दिवसाला दीडशे पावत्या म्हणजे दीडशे वेळा जास्तीचं बोट.

ती स्क्रीन उदगीरच्या पोरानं केली होती. तो पुढं आला आणि म्हणाला, ‘ताई, हे मी केलंय.’

ताईंनी त्याच्याकडं वर-खाली बघितलं. ‘तू केलास व्हय, लेकरा? मग ते आकडे जरा मोठे कर की. चाळशी लागली मला.’

बस्स. एवढंच. दुपारी जेवताना पोरांनी लॅपटॉप उघडले. मी सांगितलं नव्हतं. आकड्यांचा कीबोर्ड तिथंच बदलला, रंग गडद केले. प्रिंटर परत जोडला जाण्याचा किडा मात्र किचकट होता, त्याला पुढं आठ दिवस लागले. परभणीकर त्या आठ दिवसांत एकदाही ‘हे माझं मॉड्यूल नाही’ म्हणाला नाही. ग्रँटसाहेबांचा प्रयोग गंजगोलाईतही चालला, असं मी मनात म्हटलं आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली.

निघताना मी ताईंना विचारलं, एवढं फिरता, परवडतं का? त्या म्हणाल्या, ‘कमिशन लई नाही. पण पाच तारखेला जमा म्हणजे जमा. त्यावर पोरीची फी ठरलेली हाय.’

आमच्या टेस्टिंगवालीनं तेव्हा चटकन वर बघितलं होतं. मला ते दिसलं, पण अर्थ लागला नाही.

*

परतताना उदगीरमार्गे आलो. वाट लांबची, पण उदगीरच्या पोराच्या आईनं सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं आणि बजेट संपलं होतं.

जेवताना विषय निघाला झेंड्याचा. उदगीरला राष्ट्रध्वजाचं कापड विणलं जातं. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत त्याचे झेंडे तयार होतात. देशात राष्ट्रध्वजाची खादी विणणारी ठिकाणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. मी नांदेडमध्ये दहा वर्षं राहून मला हे माहीत नव्हतं. पोराची आजी सूत काढायची. झेंड्यासाठीच काढायची की दुसऱ्या खादीसाठी, हे घरात कुणालाच नक्की माहीत नाही. पण पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडा वर गेला की आजी म्हणायची, ‘त्यात माझा एखादा धागा असंल.’ हे सांगताना त्याच्या आईचा चेहरा बघण्यासारखा होता.

मी विचारलं, ‘मग तुम्ही नाही शिकलात सूत काढायला?’

‘मला आईनं शिवणक्लासला घातलं. सुताचं काम मापावर. जेवढं सूत तेवढी मजुरी.’

क्रूझरमध्ये बसल्यावरही ते डोक्यातून जाईना. कामाचा अभिमान याहून मोठा कुठला असणार? आपण केलेल्या कापडापुढं अख्खा देश उभा राहतो. तरी ज्या आजीला तो अभिमान होता, तिनंच लेकीला दुसरीकडं पाठवलं. आणि अभिमानाचा आधार बाहेरून हलवताही येतो. ३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहितेत बदल झाला आणि यंत्रावर केलेल्या, पॉलिस्टरच्या झेंड्यांनाही परवानगी मिळाली. पुढच्याच वर्षी घरोघरी झेंडे लागले. झेंडा घराघरात पोचला हे खरं, पण हातानं सूत काढणाऱ्याला आता यंत्राशी किमतीची बरोबरी करायची आहे. आजीचा धागा तेवढाच पवित्र राहिला, फक्त त्याची गरज कमी झाली.

माझ्या वाचनातला दुसरा माणूस तेव्हा आठवला, फ्रेडरिक हर्झबर्ग. त्यानं १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पिट्सबर्गकडच्या सुमारे दोनशे इंजिनियर आणि अकाउंटंट लोकांना विचारलं होतं, कामावर तुम्ही फार खूश कधी होतात आणि फार वैतागलात कधी? दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांच्या उलट येतील असं कुणालाही वाटेल. तशी आली नाहीत. खुशीच्या आठवणी जास्त करून कामातल्या होत्या : जमलं, कुणी दखल घेतली, जबाबदारी मिळाली. वैतागाच्या आठवणी कामाभोवतीच्या होत्या : कंपनीचे नियम, साहेबाचं वागणं, पगार. म्हणजे दोन वेगळ्या टाक्या. एक भरली म्हणून दुसरीची गळती थांबत नाही. मला वाचताना ते पटलं होतं. पण मी दिवसभर एकाच टाकीत पाणी ओतत होतो.

दुसऱ्या टाकीचं झाकण टेस्टिंगवालीनं उघडलं. अंधार पडला होता, बाकीचे पेंगले होते. ती मुखेड तालुक्यातली, घरात कमावणारी एकटी. मागच्या सीटवरून म्हणाली, ‘दादा, एक बोलू? त्या ताईंचं कमिशन पाचला जमा होतं. माझा एज्युकेशन लोनचा हप्ता पाचला कटतो. आपला पगार बाराला येतो. कधी चौदाला.’

‘मग?’

‘मग बाउन्स होतो. बँक पाचशे लावते, वर अठरा टक्के जीएसटी. पाचशे नव्वद. सात महिने झाले.’

मी मनात गुणाकार केला. ४,१३० रुपये. एकवीस हजार पगार घेणारी मुलगी, आमचा पगार उशिरा होतो म्हणून, एवढे पैसे बँकेला देऊन बसली होती. मी तिला पिझ्झा खाऊ घातला होता आणि तिच्या डोक्यावर ‘ड्रीम बिग’ असा स्टिकर लावला होता.

‘आधी का नाही बोललीस?’

‘कुणी विचारलंच नाही. तुम्ही विचारलं, पिझ्झा कोणता पाहिजे.’

*

बाबा लातूरच्या एका दाल मिलमध्ये एकतीस वर्षं मिस्त्री होते. मालक चिक्कू म्हणून प्रसिद्ध. दिवाळीला दोन किलो तूरडाळ आणि मिलचं नाव छापलेलं भिंतीवरचं घड्याळ. अशी चार घड्याळं आमच्या घरात होती, चारही वेगवेगळी वेळ दाखवायची. दुसऱ्या मिलवाल्यांनी बाबांना दोनदा जास्त पैशांवर बोलावलं, ते गेले नाहीत. मी कॉलेजात असताना यावरून त्यांच्याशी भांडलो होतो. ते एवढंच म्हणाले होते, ‘आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी, पाचच्या आत, हातात पगार. एकतीस वर्षांत एकदा चुकलं नाही. तुझ्या आईनं कुणाकडं उसनं मागितलं नाही.’

मला तेव्हा ते लाचारीचं वाटलं होतं. त्या रात्री लोह्याच्या अलीकडं कुठंतरी मला त्याचा हिशोब कळला. मालकाचा यात एक रुपयाही जास्त जात नव्हता.

सोमवारी मी सरांच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, पुढचं बजेट नको, पगार तीन तारखेला करा. सर म्हणाले, ‘तुला मी टीम लीड म्हणून ठेवलंय की सीए म्हणून?’ मी पाचशे नव्वदची गोष्ट सांगितली, नाव न घेता. शिवाय तेव्हा लागू असलेल्या १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यानुसार हजारापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी पगार सात तारखेच्या आत व्हायला हवा होता, हेही सांगितलं. कायद्याचं नाव निघाल्यावर सर जरा ताठ झाले. थोड्या वेळानं म्हणाले, ‘मलाही दोनदा पाचशे नव्वद लागलेत. घराच्या हप्त्याचे. पैसे येतातच दहाला, मी काय करू?’

हे मला माहीत नव्हतं. आम्ही नऊ जण समजत होतो की सर पैसे दाबून बसतात.

मग कागद घेऊन बसलो. नऊ जणांचा पगार महिन्याला सुमारे अडीच लाख. पतसंस्थांना आमची बिलं एक तारखेला जायची, तिथं सह्या होऊन पैसे दहाच्या आसपास यायचे. बिलं आदल्या महिन्याच्या वीस तारखेला पाठवायची, एवढाच तो बदल. मधल्या पहिल्या महिन्याची तूट भरायला सरांनी नव्या केबिनचं फर्निचर पुढं ढकललं. हे त्यांनी केलं, आणि त्याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे.

तिसऱ्या महिन्यात घोळ झाला. दोन संस्थांचे पैसे आले नाहीत. सरांनी एक तारखेलाच ग्रुपवर मेसेज टाकला : ‘या वेळी सहाला होईल. कुणाचा हप्ता अडत असेल तर मला आज सांगा, तेवढे आधी टाकतो.’ दोघांनी सांगितलं. कुणी कुरकुर केली नाही. ग्रुपवर पहिल्यांदाच सरांच्या मेसेजला मनापासूनचे अंगठे आले.

यातून सगळं सुटलं असं मी म्हणणार नाही. टेस्टिंगवाली आठ महिन्यांनी पुण्याला गेली, अडतीस हजारांवर. तिला थांब म्हणायला माझ्याकडं काही नव्हतं आणि मी म्हणालोही नाही. एकवीस आणि अडतीसमधलं अंतर तारखेनं भरून निघत नाही. जाण्याआधी दोन संध्याकाळी ती सहानंतर थांबली आणि नव्या मुलीला प्रिंटरच्या सगळ्या खोड्या समजावून गेली. आधीचे दोघं पासवर्डसुद्धा न देता गेले होते.

‘स्टार ऑफ द मंथ’चा बोर्ड अजून आहे. त्यावर आता पतसंस्थांची नावं आणि बिलांच्या तारखा असतात. ज्यांचे पैसे यायचे राहिलेत त्यांना आम्ही आळीपाळीनं फोन करतो, सरसुद्धा करतात. लातूरच्या ताईंचा अधूनमधून व्हॉट्सॲपवर आवाज येतो. मागच्या वेळी म्हणाल्या, वही बंद केली, पण पावतीवरचं संस्थेचं नाव अजून बारीक येतंय.

तीन तारखेला दुपारच्या सुमाराला ऑफिसात एक फोन टिंग वाजतो, मग दुसरा, मग तिसरा. कुणी काही बोलत नाही. उदगीरचा पोरगा तेवढा मोठ्यानं म्हणतो, ‘चला, चहा माझ्याकडं.’ आणि आम्ही खाली टपरीवर जातो.